बंदुकीच्या आधी कुलूप

नमस्कार श्रोतेहो. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे रात्रीची वीज आली की उसाला पाणी द्यायला शेतात जावंच लागतं. बांधावर बिबट्याचे ठसे दिसले की घरात पहिला विषय निघतो तो बंदुकीच्या परवान्याचा. मी नेमबाजी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत सतत येतो. म्हणून आधी हेच सांगतो, बिबट्यासाठी बंदूक मागायला जाऊ नका.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, बिबट्या आहे. हत्याराचा परवाना खिशात असला तरी त्याला मारायची परवानगी त्यातून मिळत नाही. अगदी जिवावर बेतलं तर कायदा स्वतःचा बचाव मान्य करतो, पण प्रत्यक्षात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. एका हातात बॅटरी, समोर हलणारा ऊस, पलीकडच्या वस्तीवर माणसं झोपलेली. गोळी कुठे जाईल हे चांगला नेमबाजही सांगू शकणार नाही, आणि जखमी बिबट्या धडधाकट बिबट्यापेक्षा जास्त धोकादायक. अशा वेळी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

मग परवाना कुणी मागावा? ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, ज्याला नेमबाजीचा खेळ मनापासून करायचा आहे, किंवा ज्याला पिकाची राखण करायची आहे. पीक राखायला शस्त्र कायद्यात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. अर्जात कारण विचारतात, आणि ते पटावं लागतं. नाशिक शहरात राहणाऱ्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागातल्यांचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. शरीर आणि मन ठीक आहे, कसलं व्यसन नाही, असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हत्यार सुरक्षित ठेवीन असं हमीपत्रही द्यावं लागतं. मग तुमच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. यात वेळ जातो, तो जाऊ द्या. पैसे द्या, परवाना हातात आणून देतो, असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. साधारणपणे लोक बारा बोअरची दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा .315 ची रायफल घेतात. परवाना कोणत्या हद्दीत चालतो हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं, गाडीत हत्यार ठेवून जिल्ह्याबाहेर निघण्याआधी ते वाचा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही आता कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि खाली माणसं असतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात एअर रायफलनं करा. .177 ची, म्हणजे .177 इंच व्यासाच्या नळीची, वीस ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. दहा मीटरवर निशाणा लावायला शिका, श्वास आणि बोट दोन्ही ताब्यात येतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याच्या नेमबाजीची घडण आपल्या नाशिकमध्ये झाली. नाशिकच्या मुलामुलींना हे मी आवर्जून सांगतो.

आता हाताळणी. यात मी जराही सवलत देत नाही. दुनळी हातात आली की नळी जमिनीकडे, माणसांपासून लांब, आणि बोट चापाच्या बाहेर. अंगठ्यानं वरची कळ सरकवा, बंदूक मधल्या सांध्यात वाकवून उघडा, काडतुसं असतील तर काढा. मग डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून चाचपा आणि उजेडाकडे धरा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. आत्ताच पाहिली होती, असं कुणी म्हणालं तरी तुम्ही परत पाहा. घरातली बंदूक कोणी दुसऱ्याच्या हातात देताना उघडीच द्यावी.

घरी आल्यावर बंदूक लोखंडी कपाटात कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडेच. गादीखाली, देवघराच्या मागे, धान्याच्या कोठीत ठेवलेली बंदूक लहान मुलाला तुमच्या आधी सापडते. हे कपाट बंदूक घेण्याआधी घरात आलं पाहिजे, भिंतीत बोल्टनं बसवलेलं. आणि घरात कुणी दारू पिऊन भांडत असेल, कुणी निराशेत असेल, तर हत्यार घरात ठेवूच नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. निवडणुकीच्या काळात जमा करायला सांगितलं तरी वेळेत द्या.

शेवटी एक गोष्ट, कारण गावोगावी हेच घडतं. वडिलांच्या नावावर बंदूक होती, वडील गेले, बंदूक तशीच कपाटावर पडून आहे. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. आता ती तुमच्या घरात विनापरवाना आहे, आणि त्याची शिक्षा दोन वर्षांपासून पुढे आहे. काडतुसांसकट ती ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा, सही-शिक्क्याची पावती घ्या, आणि ठेवायचीच असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करा.