इटालियनमध्ये हवापाण्याच्या गप्पा: फा, चे आणि ओ

[पडद्यावर: नळाच्या दोन चाव्या, एकीवर 'सी', दुसरीवर 'एफ']

नमस्कार मंडळी! इटलीत बऱ्याच ठिकाणी नळावर ही अक्षरं दिसतात. इंग्रजीच्या सवयीने 'सी' म्हणजे कोल्ड असं धरून चालाल, तर हात पोळेल. 'सी' म्हणजे काल्दो, गरम. 'एफ' म्हणजे फ्रेद्दो, थंड. आजच्या व्हिडिओतले पहिले दोन शब्द हेच, आणि हे आत्ताच पक्के करा.

आता प्रश्न. "के तेंपो फा?" म्हणजे हवा कशी आहे? 'तेंपो' म्हणजे वेळसुद्धा आणि हवामानसुद्धा, पण समोर 'फा' आला की विषय हवेचाच. 'फा' हे 'करणे' या क्रियापदाचं रूप. फा काल्दो, गरम होतंय. फा फ्रेद्दो, थंडी आहे. कर्ता शोधत बसू नका, तो नसतोच.

पण ऊन, वारा, धुकं अशा नाव असलेल्या गोष्टी आल्या की 'फा' सोडायचा आणि 'चे' घ्यायचा. चे इल सोले, ऊन आहे. चे व्हेंतो, वारा आहे. चे ला नेब्ब्या, धुकं आहे. यातला 'च' चिमणीतला, चमच्यातला नव्हे. पाऊस आणि बर्फाला तर एकच शब्द पुरतो. प्योव्हे, पाऊस पडतोय. नेव्हिका, बर्फ पडतोय, आणि जोर पहिल्या 'ने'वर. आपल्याला पाऊस 'पडावा' लागतो, त्यांचं एका क्रियापदात भागतं.

आता जरा थांबून ऐका, कारण सगळ्यात जास्त गडबड पुढच्या वाक्यात होते. बाहेर थंडी आहे हे सांगून झालं. पण मला थंडी वाजतेय, हे कसं सांगाल? इंग्रजीतून शिकलेला माणूस पटकन "सोनो फ्रेद्दो" म्हणतो. त्याचा अर्थ होतो, मी कोरड्या स्वभावाचा माणूस आहे. आणि "सोनो काल्दो" तर भलत्याच दिशेला जातं, ते नकोच. बरोबर वाक्य आहे "ओ फ्रेद्दो". शब्दशः, माझ्याकडे थंडी आहे. 'ओ'च्या आधी लिहिताना 'एच' असतो, पण तो उच्चारत नाहीत. गरम होत असेल तर "ओ काल्दो". मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपणही 'मी थंड आहे' कुठे म्हणतो? 'मला थंडी वाजतेय' म्हणतो. तेव्हा इटालियन बोलताना मधली इंग्रजी पायरी गाळा आणि थेट मराठीतून उडी मारा.

उच्चारातही मराठी कामाला येते. फ्रेद्दो मधला जोड 'द्द' नीट दाबून म्हणा. 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक आपण लहानपणापासून ऐकतो, तोच कान इथे वापरायचा. त-द सुद्धा दाताला जीभ लावून, अगदी आपले.

[पडद्यावर: इटलीचा नकाशा]

नुसती वाक्यं पाठ करून मात्र गप्पा रंगत नाहीत. कुठे उभे आहात ते महत्त्वाचं. मिलानच्या भोवतालच्या पो नदीच्या मैदानात हिवाळ्यात 'नेब्ब्या' हा रोजचा विषय. त्रिएस्तेला गेलात तर 'बोरा'. हा ईशान्येकडून येणारा कोरडा, गार वारा. त्याचे झोत ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातात. पूर्वी लोकांना धरून चालता यावं म्हणून तिथल्या रस्त्यांच्या कडेने दोर बांधायचे. त्रिएस्तेकर त्यातही भेद करतात: आकाश मोकळं असेल तर 'बोरा क्यारा', ढग, पाऊस किंवा बर्फ सोबत असेल तर 'बोरा स्कूरा'. नुसतं "चे व्हेंतो" न म्हणता तिथे "चे ला बोरा" म्हणून बघा, समोरचा लगेच बोलता होईल.

व्हेनिसमध्ये भीती उलट दिशेच्या वाऱ्याची. आफ्रिकेकडून येणारा दमट 'शिरोक्को' एड्रियाटिक समुद्राचं पाणी उत्तरेकडे ढकलतो, त्यात भरती जुळली की शहरात पाणी शिरतं. त्याला म्हणतात 'आक्वा आल्ता'. 4 नोव्हेंबर 1966 ला पाणी 194 सेंटीमीटरपर्यंत चढलं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187. ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी 'मोझे' नावाची उचलती दारं वापरात आली, पण आक्वा आल्ता हा शब्द तिथे कोणी विसरलेलं नाही. रोमचा वारा त्या मानाने प्रेमळ. उन्हाळ्यात संध्याकाळी समुद्राकडून येणाऱ्या झुळकेला तिथे लाडाने 'पोनेंतीनो' म्हणतात.

थोडे खास वाक्प्रचार. मुसळधार पावसाला "प्योव्हे आ कातिनेल्ले", म्हणजे घंगाळं भरभरून ओतल्यासारखा. कडाक्याच्या थंडीला "फा उन फ्रेद्दो काने", यात 'काने' म्हणजे कुत्रा. आणि जानेवारीचे शेवटचे तीन दिवस, 29, 30, 31, हे 'जोर्नी देल्ला मेर्ला', वर्षातले सगळ्यात थंड दिवस असा समज. मेर्ला म्हणजे एक पक्षीण. गोष्ट अशी की ती मुळात पांढरी होती, थंडीने काकडून तीन दिवस धुराड्यात बसली आणि काजळीने काळी होऊन बाहेर आली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती एकदा ऐकली की तारखा डोक्यातून जात नाहीत.

वयस्कर बायका तुम्हाला हमखास 'कोल्पो दारिया'ची भीती घालतील. घामाघूम अंगावर गार वारा घेऊ नकोस, मान धरेल! आपल्या आज्यांनाही हेच वाटतं, त्यामुळे वाद घालू नका, मफलर गुंडाळा. थरावर थर कपडे घालण्याला ते म्हणतात "व्हेस्तिर्सी आ चिपोल्ला", कांद्यासारखे कपडे घालणं.

आता सराव. ऑगस्ट महिना, कॉफीच्या बारमध्ये काउंटरपाशी उभे आहात. शेजारचा गृहस्थ कपाळ पुसत म्हणतो:

"के काल्दो, ओज्जी!" काय उकडतंय आज!

इथे नुसतं "सी", म्हणजे हो, म्हणून गप्प बसू नका. म्हणा:

"नोन सि रेस्पीरा!" श्वाससुद्धा घेववत नाही!

हवा दमट असेल तर "के आफा!" हेही चालतं. तो पुढे म्हणेल, "दोमानी प्योव्हे", उद्या पाऊस पडणार. तुम्ही म्हणायचं, "स्पेर्यामो!" होवो बाबा तसं!

व्हिडिओ इथे थांबवा आणि हा संवाद मोठ्याने तीनदा म्हणा. एकदा तुम्ही गिऱ्हाईक, एकदा तो गृहस्थ, आणि तिसऱ्यांदा महिना बदला: जानेवारी, त्रिएस्ते, बाहेर बोरा स्कूरा.