विली ओरी: पंचेचाळीस सामन्यांच्या पलीकडे

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळी, नमस्कार.

कॅनडातल्या आपल्या घरांत क्रिकेटचा मान अजून पहिला असला, तरी मुले आता आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, रमू लागली आहेत. म्हणून ज्याला या देशाबाहेर फारसे कोणी ओळखत नाही, अशा एका निवृत्त आइस हॉकीपटूविषयी आज बोलावे असे ठरवले. विली ओरी हे त्यांचे नाव. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एवढीच त्यांची ओळख बहुधा सांगितली जाते. ती खरी आहे, पण त्या 'पहिला' या बिरुदाआड त्यांचा खेळ झाकला गेला, असे मला वाटते.

ओरींचा जन्म 15 ऑक्टोबर 1935 रोजी न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टन येथे झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेल्या पूर्वजांचे हे कुटुंब होते आणि गावात अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. बेसबॉलमध्येही त्यांना उत्तम गती होती. 1949 मध्ये बेसबॉल संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले असता त्यांना जॅकी रॉबिन्सन भेटले. त्यापूर्वी दोनच वर्षे रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत ओलांडली होती. आपल्याला हॉकी अधिक आवडते, असे त्या मुलाने त्यांना सरळ सांगून टाकले.

1955-56 च्या हंगामात किचनरच्या ज्युनियर संघाकडून खेळताना एक वेगवान पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजी वापरायची कडक चकती, उसळून त्यांच्या उजव्या डोळ्यावर आदळला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली. डॉक्टरांनी खेळ थांबवण्यास सांगितले. ओरी मात्र काही आठवड्यांतच बर्फावर परतले आणि ही गोष्ट त्यांनी घरात केवळ एका बहिणीला सांगितली, कारण एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला एनएचएलच्या नियमांत जागाच नव्हती. यातली खेळाची अडचण नीट समजून घ्यायला हवी. ओरी लेफ्ट विंगर होते, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने धावणारे. मधल्या खेळाडूकडून येणारा प्रत्येक पास त्यांच्याकडे उजवीकडूनच येई आणि नेमकी तीच बाजू अंधारी झाली होती. पास टिपायचा, तर भर वेगात मान पूर्ण उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने पाहायचे, आणि त्या क्षणी समोरून अंगावर येणारा बचावपटू नजरेबाहेर जाणार. हे सांभाळत ते खालच्या लीगमधील क्यूबेक एसेसच्या संघात पोहोचले आणि तेथून 18 जानेवारी 1958 रोजी बॉस्टन ब्रुइन्स या एनएचएल संघाकडून मॉन्ट्रियलच्या फोरम या स्टेडियममध्ये बर्फावर उतरले. ब्रुइन्सनी तो सामना 3-0 असा जिंकला.

त्या हंगामात दोन आणि 1960-61 मध्ये त्रेचाळीस, असे एकूण पंचेचाळीस सामने, चार गोल आणि दहा असिस्ट (म्हणजे सहकाऱ्याच्या गोलला लावलेला हातभार), एवढीच त्यांची एनएचएलमधली नोंद आहे. अमेरिकेतील मैदानांवर प्रेक्षकांचे शिवीगाळ करणे नेहमीचेच होते, आणि शिकागोत तर प्रतिस्पर्धी खेळाडूने स्टिकचा दांडा तोंडावर मारून त्यांचे दोन दात पाडले, तेव्हा ओरींनीही स्टिकनेच उत्तर दिले. हंगामानंतर बॉस्टनने त्यांना मॉन्ट्रियलच्या एनएचएल संघाच्या हवाली केले, मॉन्ट्रियलने खालच्या लीगमध्ये पाठवले, आणि त्याच वर्षी ते वेस्टर्न हॉकी लीग या दुसऱ्या व्यावसायिक लीगमधल्या लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे गेले. तेव्हा एनएचएलमध्ये संघच सहा होते, हे खरे. पण दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, या लीगमध्ये यायला 1974 साल उजाडावे लागले, याचे कारण केवळ संघांची संख्या नव्हे.

माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द येथून सुरू होते. लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षकांनी त्यांना राइट विंगला हलवले. आता पास डावीकडून, शाबूत डोळ्याच्या बाजूने येऊ लागले आणि मान वळवण्याची कसरत संपली. 1964-65 मध्ये त्यांनी 38 गोल केले. पुढे त्याच लीगमधल्या सॅन डिएगो गल्सकडून 1968-69 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, पुन्हा 38 केले. त्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये चार हंगामांत त्यांनी तीस किंवा त्याहून अधिक गोल नोंदवले. बॉस्टनला असतानाच कोणी बाजू बदलून पाहिली असती तर, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. पण डोळ्याचे गुपित राखल्यामुळे ती मागणी त्यांना स्वतःहून करता येणार नव्हती, हेही तितकेच खरे. 1979 मध्ये त्रेचाळीसाव्या वर्षी त्यांनी व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली.

त्यानंतर बराच काळ हॉकीजगताला त्यांची आठवण नव्हती. सॅन डिएगोजवळ एका हॉटेलच्या सुरक्षा विभागात ते नोकरी करत होते. 1998 मध्ये एनएचएलने त्यांच्यावर विविधतेच्या उपक्रमाची जबाबदारी सोपवली, आणि ज्यांना या खेळात सहज प्रवेश नव्हता अशा मुलांच्या रिंकवर ते दोन दशके गावोगाव हिंडले. 2018 मध्ये या खेळातल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉकी हॉल ऑफ फेमने त्यांना घेतले, तेही खेळाडू म्हणून नव्हे, तर 'बिल्डर', म्हणजे खेळाच्या उभारणीला हातभार लावणाऱ्यांच्या, गटातून. त्या संस्थेचा तर्क मला समजतो, पण वेस्टर्न लीगमधल्या गोलांचे काय, हे मात्र उरतेच.

पदार्पणाला चौसष्ट वर्षे झाली त्याच दिवशी, 18 जानेवारी 2022 रोजी, बॉस्टनने त्यांचा जर्सीवरचा 22 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो यापुढे संघात कोणालाही दिला जाणार नाही. कोविडच्या साथीच्या दिवसांमुळे शहाऐंशी वर्षांच्या ओरींनी तो सोहळा सॅन डिएगोहून पडद्यावर पाहिला. त्यानंतरच्या सामन्यात कॅरोलिनाच्या संघाने ब्रुइन्सना 7-1 असे धुतले.