सांडलेल्या रक्ताचं मेंदूत काय होतं

मंडळी, ब्रेन हॅमरेजचा सीटी स्कॅन वाचायला फार विद्या लागत नाही. करड्या मेंदूत पांढरा डाग दिसतो, ते रक्त. नातेवाईकही तो डाग बघतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मग काढून टाका की ती गुठळी!" न्यूरोसर्जरीत आलो तेव्हा माझंही मत हेच होतं. हातात हत्यार असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण काढून का भागत नाही, या प्रश्नामागे माझी निम्मी कारकीर्द प्रयोगशाळेत गेली. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

२००५ साली 'स्टिच' या चाचणीचा निकाल आला. १०३३ रुग्ण. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर आधी औषधोपचार. सहा महिन्यांनी बऱ्यापैकी सावरलेले रुग्ण पहिल्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्यात २४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. खोलवरच्या गुठळीपर्यंत पोचायला वाटेतला चांगला मेंदू दुखावतो, हे त्याचं एक कारण. आम्हा सर्जन लोकांना ते लगेच पटलं, कारण त्यात दोष वाटेचा होता, कल्पनेचा नव्हता. दुसरं कारण पचायला जड गेलं. गुठळी म्हणजे नुसता दाब नव्हे.

पूर्वी समज असा होता की गुठळी भोवतालच्या रक्तवाहिन्या दाबते आणि तिथला मेंदू रक्तावाचून मरतो. १९८०च्या दशकात उंदरांच्या मेंदूत बारीकसा फुगा फुगवून हे तपासलं गेलं. पुढे रुग्णांची पेट स्कॅन, म्हणजे पेशी किती रक्त आणि प्राणवायू वापरतात ते दाखवणारी तपासणी, झाली तेव्हा चित्र निराळं निघालं. गुठळीच्या कडेला रक्तपुरवठा कमी होता खरा, पण तिथल्या पेशींची प्राणवायूची मागणी त्याहून जास्त घटली होती. त्या उपाशी नव्हत्या, त्यांची भूकच मेली होती. हा फरक किरकोळ नाही. बीपी उतरवलं तर कडेचा मेंदू मरेल या भीतीनं डॉक्टर हात आखडता घेत, ती भीती यामुळे बरीच ओसरली.

मग पेशी मरतात कशानं? इथे मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलियन हॉफ, रिचर्ड कीप आणि ग्वोह्वा शी यांच्या गटाचं नाव घ्यायलाच हवं. हॉफ स्वतः न्यूरोसर्जन. त्यांची पद्धत आम्हीही आमच्याकडे वापरली. उंदराला भूल द्यायची, मांडीच्या धमनीतून त्याचंच शंभर मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि बारीक सुईनं मेंदूत खोलवर हळूहळू सोडायचं. ठरलेल्या दिवशी मेंदू काढून त्याचा तुकडा तराजूवर ठेवायचा, शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास सुकवायचा, पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे पाणी, आणि पाणी जास्त म्हणजे सूज जास्त. एवढी महागडी यंत्रं दिमतीला असताना भरवशाचा आकडा तराजू आणि ओव्हन देतात, याची मला अजून मौज वाटते.

यातून सुजेची दोन पर्वं दिसली. पहिल्या दिवसाची सूज थ्रॉम्बिनची. रक्त गोठवणारं हेच द्रव्य मेंदूच्या पेशींना बाधतं. त्याला रोखणारं हिरुडिन दिलं की सूज घटते. दुसरं पर्व तांबड्या पेशींचं. अख्ख्या पेशी मेंदूत सोडल्या तर पहिल्या दिवशी फारसं काही घडत नाही, तिसऱ्या दिवशी सूज येते. त्याच पेशी आधी फोडून सोडल्या तर चोवीस तासांतच येते. म्हणजे विष पेशीच्या आत होतं. ती फुटते, हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्याचं विघटन होऊन लोह मोकळं होतं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. तीस मिलिलिटरची गुठळी म्हणजे पंधरा मिलिग्रॅम, तेही एकाच जागी. मोकळं लोह पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांची नासधूस करतं.

उपाय समोरच होता. डेफेरोक्सामिन हे लोह बांधून ठेवणारं जुनं औषध. वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांमुळे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं. उंदरांत त्यानं सूज घटली. माणसांत मात्र मोठ्या मात्रेची चाचणी फुफ्फुसांच्या गंभीर त्रासामुळे थांबवावी लागली. मग मात्रा जवळपास निम्मी करून तीन दिवस दिली. २०१९ साली निकाल आला. तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी झालेले ३४ टक्के, औषध न दिलेल्यांत ३३.

लोहाची कल्पनाच चुकीची, असं त्यावर म्हणणारे भेटतात. मला ते घाईचं वाटतं. आमचा उंदीर तरुण, धडधाकट, आणि त्याच्या मेंदूत पांढरा भाग, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंचा भाग, अगदी थोडा. रुग्ण उतारवयाचा, वर्षानुवर्षं बीपीनं झिजलेल्या रक्तवाहिन्यांचा. उंदराची सूज तीन-चार दिवसांत कळसाला जाते, माणसाची दुसऱ्या आठवड्यातही रेंगाळते. तीन दिवसांचं औषध उंदराच्या पंचांगानं दिलं गेलं, असं माझं मत आहे.

शस्त्रक्रियेची गोष्टही तिथेच संपली नाही. मायक्रोस्कोपखाली ताजी गुठळी काळपट लाल जेलीसारखी दिसते, सक्शन लावलं की सहज येते. कडेला मात्र ती मेंदूला चिकटून बसलेली असते, तिथला मेंदू पिवळसर, भिजल्यासारखा मऊ. तिथे सक्शन जरा जास्त झालं तर मेंदूही नळीत जातो, म्हणून हा कडेचा थर सोडून द्यावासा वाटतो. पण बारीक नळीतून औषध सोडून गुठळी विरघळवणाऱ्या 'मिस्टी' मालिकेच्या तिसऱ्या चाचणीत ज्यांच्या मेंदूत पंधरा मिलिलिटर किंवा त्याहून कमी रक्त उरलं, ते रुग्ण जास्त चांगले सावरले. एकूण निकाल नकारार्थीच होता, म्हणून हा आकडा जपूनच वापरायचा. तरी प्रश्न फक्त दाबाचा असता तर थोडं रक्त मागे राहिल्यानं काय बिघडणार होतं? २०२४ साली 'एन्रिच' चाचणीत चोवीस तासांच्या आत, मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचेतून बारीक नळी घालून गुठळी काढली. पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावात फायदा दिसला. खोलवरच्या रुग्णांची भरती मध्येच थांबवली गेली.

मेंदूच्या आवरणाखाली, अॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून होणारा रक्तस्राव हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय. तिथे वर्षानुवर्षं दोष रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाला दिला. क्लॅझोसेन्टान या औषधानं आकुंचन कमी झालं, रुग्ण काही सुधारले नाहीत. त्यामुळे आता पहिल्या बहात्तर तासांतल्या इजेकडे लक्ष गेलं आहे.

औषधांच्या मागे धावणाऱ्या आमच्यासारख्यांना २०२३च्या 'इंटरअॅक्ट-३'नं जरा जमिनीवर आणलं. बीपी, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा, या चार गोष्टी वेळेत सांभाळल्या. सात हजारांवर रुग्णांत फायदा दिसला, आणि त्यात नवं औषध एकही नव्हतं.

माझ्या दृष्टीनं सगळं अडलंय ते वेळापत्रकावर. पहिल्या काही तासांत गुठळी वाढू शकते, तेव्हा थ्रॉम्बिन हवंच, ते रोखलं तर रक्त थांबणार नाही. लोहाचा उपद्रव नंतर सुरू होतो. नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे माणसांत मोजायला हवं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मेंदूत ठेवलेल्या नळीतून येणारा द्रव, नातेवाईकांच्या संमतीनं, आम्ही रोज तपासतो. त्यात लोह किती, हिमोग्लोबिन किती, आणि त्याच दिवशीच्या स्कॅनवर सूज किती, हे शेजारी शेजारी मांडतो. नळी काही दिवसांत काढावीच लागते, जंतुसंसर्गाचा धोका असतो. त्यापुढे फक्त एमआरआय उरतो.