सिमेंटला पाणी पाजलं का?

नमस्कार मंडळी. आज दातांबद्दल बोलायचंय, पण रेडिओ बंद करू नका, दात कसे घासायचे ते मी सांगणार नाहीये. ते तुम्हाला माहितीये, आणि रात्री घासत नाही हे मलाही माहितीये. आज फक्त एका दाढेबद्दल बोलू. सहाव्या वर्षी येणारी दाढ.

ही दाढ फसवी असते. दुधाचा दात पडला, मग तिथे नवा आला, असं हिचं नसतं. काहीही न पडता, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच, किडली तर किडली, पडेल आपोआप. नाही हो! ती पडणार नाही, आणि पडली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. परत सांगते, सहाव्या वर्षी, सगळ्यात मागे, काही न पडता जी दाढ येते ती कायमची. वर दोन, खाली दोन, एकूण चार.

आणि काही मुलांच्यात ही दाढ कच्चीच येते. कच्ची म्हणजे वरचं एनॅमल, ते पांढरं कडक कवच, नीट भाजलेलं नसतं. खडूसारखा पांढरा किंवा पिवळट, तपकिरी डाग, कडा ठळक, आणि जेवताना त्याचे तुकडे पडतात. पुढच्या वरच्या दातांवरही असे डाग दिसू शकतात. याला आम्ही दातांचे डॉक्टर एमआयएच म्हणतो, म्हणजे दाढा आणि पुढचे दात कच्चे राहणं, 2001 साली हे नाव ठरलं, त्याआधी युरोपातले काही डॉक्टर सरळ 'चीज दाढ' म्हणायचे. आपल्याकडे पनीर दाढ म्हणायला हरकत नाही. जगभराचा अंदाज बघितला तर साधारण सात-आठ मुलांमागे एकाला कमीजास्त हा प्रकार असतो. म्हणजे एका वर्गात पाच-सहा पोरं सहज निघतील.

मग पहिला प्रश्न आईला, चॉकलेट किती देता? चॉकलेटवर मी काय चांगलं बोलणार नाही, पण इथे सुरुवात त्याची नाही. या दाढेचं एनॅमल बाळ जन्मतं त्या सुमारास बनायला लागतं आणि तीन वर्षांच्या आत बनून होतं. त्या काळात बाळंतपणात अडचण, मोठा ताप, वरचेवर आजारपण, थोडं अनुवंशिक, अशी बरीच कारणं मिळून हे होतं, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. तेव्हा आईला बोलणं बंद करा. आणि नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या मंडळींनो, पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग वेगळे, ते बहुतेक सगळ्या दातांवर आणि दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतात. हे मात्र एक दाढ ठणठणीत आणि शेजारची भुसभुशीत असं असतं.

आता मी तुम्हाला बंड्याची गोष्ट सांगते. नाव बंड्या नव्हतं, पण आपण बंड्याच म्हणू.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. कराडच्या पुढच्या एका गावातून एक आजोबा आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आले. आजोबा सत्तरीचे, धोतर, टोपी, आणि हात असे की नमस्काराला जोडले तरी सॅंडपेपर घासल्यासारखा आवाज यावा. गवंडी. पोरवयात कोयनेच्या धरणावर घमेली उचलली आणि तिथून जे सुरू झालं ते पन्नास वर्षं थापी हातातून सुटली नाही. त्यांची तक्रार दाताची नव्हतीच. म्हणाले, "बाई, ह्यो पोरगा नखरं करतोय. पानी पितो त्ये बी वाकडी मान करून."

मी बंड्याला पाणी दिलं. खरंच, मान डावीकडे, आणि एका गालातून घोट. माठातलं पाणी सुद्धा उजवीकडे लागू द्यायचं नाही. आईसगोळा घेतला की वितळवून पाणी करून प्यायचा, सगळी पोरं हसायची. ब्रश त्या बाजूला लावायचाच नाही, लावला की कळ. आणि ब्रश नाही म्हणून कीड, कीड म्हणून अजून कळ. तोंड उघडून बघितलं तर खालची उजवी सहाव्या वर्षाची दाढ, पिवळी-तपकिरी, अर्धी खचलेली, मधे खड्डा. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे सांगितलं होतं की नस गेली, रूट कॅनाल करा नाहीतर काढून टाका.

आता इथे जरा थांबते, कारण हेच आजचं बोलणं आहे. आपण जिला नस म्हणतो ती नुसती कळ देणारी तार नाही. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात, दाढेची मुळं बांधणारे कामगारच समजा. दाढ सहाव्या वर्षी तोंडात दिसते तेव्हा वरची इमारत झालेली असते, पण मुळं अर्धवट असतात, टोकं उघडी, भिंती पातळ. ती पुरी व्हायला पुढे अजून तीन-एक वर्षं लागतात. त्या आधी नस मारली तर काम तिथंच बंद. रूट कॅनाल भरून दाढ उभी राहील, पण पातळ भिंतीची, उद्या ऊस सोलताना तडकायची. म्हणून मुलांच्या कायमच्या दाढेत नस जिवंत ठेवता आली तर ठेवायची. परत सांगते. मुळं पुरी होईपर्यंत नस जिवंत हवी.

एक्सरे काढला. बंड्याची मुळं तशीच, टोकं उघडी. हिरडीवर पू नाही, सूज नाही. मी आजोबांना म्हटलं, नस आहे अजून, वाचवून बघू.

भुलीचं इंजेक्शन दिलं. ओठ बधिर झाला, तरी दाढेला हात लावला की बंड्या ओरडला. या कच्च्या दाढांचं हे नेहमीचं दुखणं. एनॅमल सच्छिद्र, त्यातून थंड-गरम, जंतू आत झिरपत राहतात, आतली नस सतत चिडलेली, आणि चिडलेल्या नसेवर भूल पटकन चढत नाही. तेव्हा पोरगं ओरडलं म्हणजे भित्रंच आहे असं नाही, त्याला खरंच दुखतंय. (पोराला 'इंजेक्शन देईन हं' म्हणून भीती घालणाऱ्या आत्या, मावशा, शेजारणी या सगळ्यांना मी एकदा रांगेत बसवणार आहे.) परत थोडी भूल दिली, थांबलो. आजोबांनी त्याचे पाय धरले आणि त्याला विहिरीच्या बांधकामाची काहीतरी लांबलचक कथा सांगत बसले.

मग दाढेभोवती रबराचं पातळ कापड लावलं, म्हणजे थुंकी आत येत नाही. कीड काढत गेले, आणि खालपर्यंत पोचताच लाल ठिपका. नस उघडी. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा खराब भाग काढला आणि रक्ताकडे बघत बसले. नसेची नाडी रक्तातच कळते. अजिबात रक्त नाही म्हणजे तो भाग मेलेला. येतंय आणि थांबतच नाहीये म्हणजे सूज अजून खाली गेलीये, अजून थोडं काढा. लालभडक आलं आणि औषधाचा बोळा काही मिनिटं दाबल्यावर थांबलं, की समजायचं खालची नस निरोगी. बंड्याचं थांबलं.

आता त्यावर झाकण. मी पुडी फोडली, काचेवर भुकटी घेतली, पाणी घातलं, कालवायला लागले. मागून आवाज.

"बाई, ह्ये सिमिट हाय न्हवं?"

मी वळून बघितलं. आजोबा उभे राहून माझ्या खांद्यावरून काचेकडे बघतायत. म्हटलं, हो आजोबा, एका प्रकारे सिमेंटच. आणि खोटं नाही ते. त्या भुकटीचं नाव एमटीए. 1993 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे आणली. त्यात मुख्य माल पोर्टलँड सिमेंटचाच, फक्त शुद्ध केलेला, आणि एक्सरेत दिसावा म्हणून बिस्मथ ऑक्साइड. (बांधकामाचं पोतं फोडून दातात भरायचं नाही हं, त्यात नको त्या धातूंची भेसळ असते. हसू नका, विचारलंय मला एकाने.)

आजोबा म्हणाले, "पानी किती?"

मी म्हटलं, तीन भाग भुकटी, एक भाग पाणी.

"माल पातळ झालाय. वल्ल्या वाळूगत पायजे."

मंडळी, आमच्या पुस्तकात हेच लिहिलंय! ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे म्हणून. मी एमडीएस करून शिकले ते, आणि हे धोतरातले आजोबा मागून सांगतायत. आणि खरंच पातळ झालं होतं, कबूल करते. थोडी भुकटी घातली. मग माल नसेवर ठेवला, हलक्या हातानं दाबला. आता वरून बंद करणार, तेवढ्यात परत,

"बाई, पानी मारणार न्हाई?"

"कशाला?"

"कशाला मंजी? सिमिट पानी पितं. न्हाई पाजलं तर त्ये भुसभुशीत ऱ्हातं. स्लॅब टाकला की वाफं करून पानी साठवत्यात, कॉलमला वलं गोणपाट गुंडाळत्यात. तुमी त्ये न्हाई शिकला?"

मी चिमट्यात धरलेला बोळा त्यांना दाखवला. ओला कापसाचा बोळा, तो मी त्या सिमेंटवर ठेवायलाच घेतला होता. कारण हे सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, आणि त्या जुन्या प्रकाराला पावणेतीन तास लागायचे. म्हणून ओला बोळा ठेवायचा, वर तात्पुरतं बंद करायचं आणि दुसऱ्या खेपेला पक्कं भरायचं.

आजोबांनी बोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. मंजी गोणपाट." आणि जाऊन स्टुलावर बसले. काम पास झालं.

ते बसल्या बसल्या जे बोलले तेही सांगते, दाताशी संबंध नाही त्याचा. म्हणाले, आता कोण पाणी मारतंय, सकाळी एकदा पायपानं उडवलं की झालं, आणि मग पावसाळ्यात भिंत रडायला लागली की रंगवाल्याला शिव्या. मी त्या वेळी नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, आणि खरं सांगते, तिसऱ्या मजल्यावर छतातून पाणी गळत होतं, खाली बादली लावली होती. बिल्डर म्हणे कंडेन्सेशन आहे. बिल्डर लोकांनी दोन वर्षं एखाद्या आजोबांच्या हाताखाली घमेलं उचलल्याशिवाय लायसन देऊ नये असं माझं मत आहे. असो.

पण गळतीचा मुद्दा दाढेलाही तसाच लागू आहे. 1965 साली अमेरिकेत तीन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काही उंदीर जन्मापासून जंतूविरहित वातावरणात वाढवलेले, काही साधे. दोघांच्या दाढांची नस उघडी केली आणि तशीच सोडली, वर अन्न अडकतंय तरी. साध्या उंदरांची नस सडली, आणि जंतू नसलेल्यांच्या नसेनं स्वतःच वर नवं कवच घातलं. म्हणजे नस उघडी पडली म्हणून मरत नाही, जंतू शिरले म्हणून मरते. सिमेंट कितीही भारी वापरा, वरून गळती राहिली तर सगळं पाण्यात. म्हणून दुसऱ्या खेपेला मी बंड्याची दाढ पक्की भरली आणि वर स्टीलची टोपी बसवली. एनॅमलच कच्चं, त्याला नुसतं भरलेलं चिकटून राहत नाही, कडेचा तुकडा पडला की परत गळती. टोपी चांदीसारखी चमकते, दिसायला कशी दिसते म्हणून आया नाराज होतात, पण मागे कोण बघतंय हो? बंड्या तर शाळेत मुद्दाम आ करून दाखवायचा.

आता सगळ्यांचं असंच होतं का, तर नाही. पू झाला, हिरडीवर फोड आला, नस पूर्ण मेली तर हा मार्ग बंद, मग वेगळे उपाय. दाढ फारच खचलेली असेल तर साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ती काढून मागून येणारी दाढ पुढे सरकू द्यायची हाही एक विचार असतो, पण तो दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला सोबत घेऊन, एक्सरे बघून. आणि उलट, कीड खोल आहे पण नस अजून उघडी नाही, तर तळाशी थोडी मऊ कीड मुद्दाम ठेवूनही वरून घट्ट बंद करतात, ती चूक नव्हे. पूर्वी रात्री झोपेतून उठवणारी कळ आली की नस गेलीच म्हणायचे. आता तसं नाही, अशाही काही दाढांमध्ये वरचा भाग काढून मुळातली नस वाचवता येते. तेव्हा दुखतंय म्हणजे रूट कॅनालच, असं घरी बसून ठरवू नका. लवंग ठेवून चार महिने काढू नका, तेवढ्यात वाचणारी नस मरते. आणि दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊ नका, कधी कधी नस मेली म्हणूनच थांबतं. म्हणून काम झाल्यावरही सहा महिन्यांनी, वर्षानं एक्सरेला यायचं म्हणजे यायचं. (आता नवीन सिमेंटं आलीत, बारा-पंधरा मिनिटांत घट्ट होतात, गोणपाटाची गरज नाही. आजोबांना आवडलं नसतं.)

बंड्या वर्षानं आला. मी दोन्ही एक्सरे लाईटवर शेजारी शेजारी लावले. आधीच्या फोटोत मुळांची टोकं उघडी, फनेलसारखी. नव्यात मुळं लांब झालेली, भिंती जाड, टोकं मिटत आलेली. आजोबांनी चष्मा काढला, परत घातला, फोटोवर बोट ठेवून खालून वर नेलं.

"बाई, वरचं बांधकाम आधी आन् पाया नंतर?"

म्हटलं, हो, दाताचं तसंच असतं.

"कुनी डिझाईन केलंय ह्ये," म्हणाले, आणि बंड्याला बाहेरच्या माठातलं पाणी आणायला पाठवलं. पोरानं तिथंच उभं राहून, मान सरळ ठेवून, गटागटा प्यायलं. आजोबांनी तेवढं बघितलं, खिशातून स्वतःची कवळी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ही हलतीये, हिला जरा माल लावा.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं. आज रात्री घरातल्या सहा-सात वर्षांच्या पोराला मोबाईलच्या टॉर्चखाली आ करायला लावा. सगळ्यात मागे बघा. पिवळा, तपकिरी डाग, कडा तुटलेली, थंड लागतं म्हणतोय, एका बाजूनं चावतोय, यातलं काही दिसलं तर लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे जा, खड्डा पडायची वाट न बघता. आणि तिथे विचारा, मुळं पुरी झालीत का, नस वाचेल का. एवढे दोन प्रश्न. मुळं पुरी झालीत का, नस वाचेल का.

कवळीचं काय झालं ते पुढच्या वेळी, ती वेगळीच भानगड आहे. नमस्कार.