कन्सोल महाग का, आणि परवाना कुणाला परवडतो

मंडळी, पणजीत किंवा मडगावात गेम कन्सोलची किंमत विचारली की पाठोपाठ एक तक्रार येतेच: अमेरिकेत एवढ्याला मिळतो, मग इथे एवढा महाग का? बहुतेक जण दोष दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होतात. दुकानदाराच्या हाती त्यातलं फार थोडं असतं. म्हणून आधी कराचा हिशेब मांडू आणि मग परवान्याकडे वळू, म्हणजे मूळ कंपनीच्या परवानगीने दुसऱ्या कंपनीने यंत्र किंवा जोडसाहित्य बनवण्याकडे, कारण बऱ्याच ठिकाणी परवान्याची गोष्ट कराच्या भिंतीपासूनच सुरू झाली आहे.

२०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. त्या शुल्काच्या रकमेवर आणखी १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे १०० रुपयांचा माल न्हावा शेव्याला उतरला की २० रुपये शुल्क, २ रुपये अधिभार, झाले १२२. या १२२ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१ रुपये ९६ पैसे. एकूण १४३ रुपये ९६ पैसे. जीएसटी आधी २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ वर आला. ३०,००० रुपयांचं यंत्र अशा रीतीने वितरकाच्या गोदामात पोचेपर्यंत ४३,१८८ चं होतं. वाहतूक, वितरकाचा नफा आणि दुकानाचं भाडं यानंतर. दर अर्थसंकल्पागणिक हलू शकतात, तेव्हा आकडे त्या त्या वर्षीचे घ्या. मांडणी मात्र हीच राहते. जीएसटी कन्सोल कुठेही बनला तरी लागतो. टाळता येतात ते मधले २२ रुपये, तेही यंत्र इथे जुळवलं तरच.

आता दुसरी बाजू. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसं कमवत नाही, कधी कधी तर सुरुवातीला तोटाच सोसते. कळंगुटच्या शॅकवाल्याचंच बघा ना: पलंगावर फुकट लोळू देतो आणि पैसे जेवणात काढतो. कन्सोलचं जेवण म्हणजे खेळ. दुसऱ्या कंपनीने बनवलेला खेळ विकला गेला तरी कन्सोलवाल्याला त्यात वाटा मिळतो. डिजिटल दुकानात हा वाटा साधारण ३० टक्के धरतात. ही मिळकत असेल तरच यंत्र स्वस्त ठेवता येतं. परवाना घेऊन यंत्र बनवणाऱ्या तिसऱ्या कंपनीला खेळातला वाटा मिळणार की नाही, यावर तिचं यंत्र स्वस्त की महाग हे ठरतं.

थ्रीडीओ हा कन्सोल याचं ठळक उदाहरण. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांची कल्पना कागदावर झकास होती: आपण आराखडा करायचा आणि तो कुणालाही बनवायला द्यायचा. पॅनासोनिकने बनवला, मग गोल्डस्टार आणि सॅन्योने. खेळ बनवणाऱ्यांकडून प्रत्येक प्रतीमागे फक्त ३ डॉलर घ्यायचे. खेळवाले खूश झाले. पण ते ३ डॉलर जात होते थ्रीडीओ कंपनीकडे. पॅनासोनिकला जे कमवायचं ते यंत्रावरच. म्हणून १९९३ साली अमेरिकेत यंत्राची किंमत लागली ६९९ डॉलर ९९ सेंट. दोन वर्षांनी सोनीचं प्लेस्टेशन तिथेच २९९ डॉलरला आलं. किमती पुढे उतरल्या, पण वेळ निघून गेली होती. यंत्र वाईट नव्हतं. सगळ्यांना बनवू दिलं की स्पर्धेने किंमत पडेल, हा हिशेब मात्र इथे लागू पडत नाही, कारण प्रतिस्पर्धी तोट्यात विकायला बसलेला असतो.

परवान्याने यंत्र खरोखर लोकांपर्यंत नेलं ते ब्राझीलमध्ये. तिथे आयात माल म्हणजे करांचा डोंगर. १९८७ साली सुरू झालेल्या टेकटॉय या कंपनीने सेगा या जपानी कंपनीकडून परवाना घेतला आणि तिचे कन्सोल बाजारात आणले: १९८९ मध्ये मास्टर सिस्टिम, १९९० मध्ये मेगा ड्राइव्ह. कारखाना मनाउसला. अॅमेझॉनच्या जंगलातलं हे शहर १९६७ पासून करसवलतीचं क्षेत्र आहे. सुटे भाग आणून तिथे जुळवले की आयात माल म्हणून लागणाऱ्या करांतून बरीच सुटका होते. टेकटॉय केवळ जुळणी करून थांबली नाही. फँटसी स्टारसारखा मजकुराने भरलेला खेळ पोर्तुगीजमध्ये आणला. एका जपानी खेळातला नायक काढून तिथे ब्राझिलियन मुलांची लाडकी चित्रकथेतली मोनिका बसवली. ही यंत्रं इतर देशांत इतिहासजमा झाल्यावरही ब्राझीलमध्ये ती वर्षानुवर्षं नव्याने विकली जात होती. आता उलट बाजू बघा. २०१३ मध्ये सोनीने तिथे आयात केलेला प्लेस्टेशन ४ ठेवला ब्राझीलच्या ३,९९९ रियालला, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने अमेरिकेतल्या ३९९ डॉलरच्या चौपटीहून जास्त. आणि निंटेंडोने २०१५ च्या जानेवारीत ब्राझीलमधलं अधिकृत वितरणच बंद केलं.

दक्षिण कोरियात अडचण कराची नव्हती, जपानी सांस्कृतिक मालावर निर्बंध होते. ते १९९८ पासून सैल होऊ लागले. तोवर सेगाची यंत्रं सॅमसंगच्या नावाने आणि निंटेंडोची ह्युंदाईच्या नावाने, 'कॉमबॉय' म्हणून विकली गेली. रशियात स्टिपलर कंपनीने १९९२ च्या अखेरीस 'डेंडी' आणला. हा निंटेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलचा बिनपरवाना जुळा, म्हणजे नक्कल, इतका खपला की १९९४ मध्ये निंटेंडोने स्टिपलरशीच वितरणाचा करार केला. चोराला पकडण्याऐवजी त्यालाच मुनीम नेमलं म्हणा!

आपल्याकडे? १९९५ मध्ये सेगाने मेगा ड्राइव्हसाठी शॉ वॉलेसशी करार केला. होय, तीच मद्यवाली शॉ वॉलेस. गोव्यात नाव वेगळं सांगायला नको. उद्देश ८० टक्के आयात शुल्क चुकवण्याचा होता, पण तरीही किंमत लागली १८,००० रुपये. त्या काळी किती घरांना ती झेपली असेल! सर्वसामान्य घरात पोचले ते फॅमिकॉमचे स्वस्त जुळे आणि पिवळ्या 'कॅसेटी'. त्यांच्या स्वस्ताईचं कारण खेळांच्या चोरीइतकंच चिपमध्ये होतं. मूळ यंत्रात प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या. तैवानच्या यूएमसीने त्यांच्या नकला काढल्या, आणि पुढे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं. असा जुना जुळा उघडलात तर सर्किटच्या पाटीच्या मधोमध काळ्या एपॉक्सी गोंदाचा थेंब दिसेल. त्याखाली अख्खा कन्सोल. नकलेत खोट राहायचीच: ध्वनीलहरीच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असायची, म्हणून ओळखीची धून किंचित नाकात म्हटल्यासारखी वाजायची. आजही असं यंत्र चालवायचं असेल तर आधी अॅडॅप्टरचं धन-ऋण टोक तपासा. बऱ्याच यंत्रांत पिनच्या मधे ऋण टोक असतं. उलटा अॅडॅप्टर लावलात तर आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर जळू शकतो.

आज परवान्याचा जोर यंत्रापेक्षा जोडसाहित्यावर आहे, आणि तुमचा खिसा हलका होतो तो इथे. कंट्रोलर घ्या. परवानाधारक कंट्रोलरमध्ये ओळख पटवणारी चिप असते. कन्सोल तिला एक कोडं पाठवतो, चिप गुप्त किल्लीने सही करून उत्तर देते. उत्तर चुकलं की दार बंद. प्लेस्टेशन ४ वर याची गंमत अशी की बिनपरवाना कंट्रोलर लगेच नाकारला जात नाही; साधारण आठ मिनिटं नीट चालतो आणि मग त्याची जोडणी तुटते. दुकानात पाच मिनिटं लावून बघितला, छान चालला, पैसे दिले, घरी नवव्या मिनिटाला बंद! तेव्हा चाचणी दहा मिनिटांची करा, आणि घड्याळ लावून करा. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरपासून अनधिकृत जोडसाहित्य अडवायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या वस्तू एका अपडेटनंतर निकामी ठरल्या. खोक्यावर 'डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स' आहे का, एवढं बघायचं.

पण परवाना म्हणजे दर्जा, असं समजू नका. प्लेस्टेशन ५ साठी परवाना घेतलेले काही महागडे कंट्रोलर सोनीच्या साध्या ड्युअलसेन्सपेक्षा महाग असून त्यांच्यात ड्युअलसेन्सची सूक्ष्म कंपनं नाहीत आणि ताण बदलणारे ट्रिगरही नाहीत. उलट संगणकासाठी मिळणाऱ्या कित्येक स्वस्त कंट्रोलरांत चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) असते, जी ड्युअलसेन्समध्ये नाही. साध्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर पातं घासतं. पट्टी झिजली किंवा तिथे धूळ-ओल बसली की हात न लावताच पात्र चालू लागतं. आपल्या खाऱ्या, ओल्या हवेत तर त्याला निमित्तच मिळतं. आधी सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकच्या किंचित हालचालीकडे दुर्लक्ष होतं तो पट्टा, थोडा वाढवा. भागलं नाही तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्टिक साफ करा. तरीही नाही तर स्टिकचा भाग बदलावा लागतो: चौदा ठिकाणचं सोल्डर काढायचं, नवा भाग बसवायचा, आणि कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे स्टिकचा मध्य नेमका ठरवायचा. हा शेवटचा टप्पा गाळला तर नवी हॉल इफेक्ट स्टिकही तिरकी चालते, आणि लोक म्हणतात भाग नकली निघाला.

साठवणुकीत परवान्याचा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. सोनीने पीएस व्हीटा या हातात धरायच्या कन्सोलसाठी स्वतःचंच मेमरी कार्ड सक्तीचं केलं; २०१२ मध्ये ३२ जीबीचं कार्ड ९९ डॉलर ९९ सेंट. तोच प्रकार पुढे मायक्रोसॉफ्टने केला. २०२० मध्ये एक्सबॉक्स सीरीजच्या १ टीबी कार्डाची किंमत २१९ डॉलर ९९ सेंट, आणि बनवणारी एकटी सीगेट. २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटल आली तेव्हा किंमत उतरली. सोनीने मात्र प्लेस्टेशन ५ मध्ये शहाणपण दाखवलं आणि संगणकवाल्यांची साधी एम.२ खाच दिली. परवाना नाही, कुणाचीही एसएसडी (साठवणुकीची चिप लावलेली पट्टी) चालते.

ती निवडताना चार गोष्टी बघा. जोडणी पीसीआयई ४.०, चार लेनची हवी. वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. रुंदी २५ मिलिमीटरपर्यंत. आणि हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरपर्यंत. सर्वाधिक फसगत जाडीत होते: संगणकासाठीचा उंच हीटसिंक घेतला की झाकण बसत नाही. हीटसिंकच लावला नाही तर एसएसडी तापून मंदावते. बसवताना कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडमध्ये नको. वायर काढा, थंड होऊ द्या. बाजूचं आवरण सरकवून काढा, खाचेच्या झाकणाचा स्क्रू सोडा. आत एक स्क्रू आणि बारीक स्पेसर (एसएसडीच्या टोकाखालचा आधार) असतो. स्पेसर आपल्या एसएसडीच्या लांबीच्या भोकात हलवा. सर्रास मिळते ती ८० मिलिमीटरची. एसएसडी तिरकी घालून खाचेत सरकवा, मग आडवी दाबून स्क्रू लावा. तो स्पेसर विसरलात तर एसएसडीची पाटी वाकते. सुरू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायचं का विचारतो. नुसते पीएस ४ चे खेळ ठेवायचे असतील तर एवढा खटाटोपही नको. ते साध्या यूएसबी ड्राइव्हवरून चालतात. पीएस ५ चे खेळ तिथे फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत.

निंटेंडोच्या स्विच कन्सोलला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉकबद्दल थोडक्यात. निंटेंडोचा अॅडॅप्टर ५ व्होल्ट १.५ अँपिअर आणि १५ व्होल्ट २.६ अँपिअर देतो. मूळ डॉकला १५ व्होल्ट लागतातच, म्हणून फोनच्या साध्या चार्जरवर बॅटरी भरते पण टीव्हीवर चित्र येत नाही. स्वस्त बिनपरवाना डॉकमध्ये यूएसबी-सीचे नियम धड पाळलेले नसतील तर स्विचच्या आतली एम९२टी३६ नावाची चिप जळू शकते. ती हॉट एअरने काढून बदलता येते, पण ते सूक्ष्म सोल्डरिंग नेहमी करणाऱ्याचंच काम आहे.

राहिले आपले तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. गोव्यात बोटीवरून किंवा आखातातून कन्सोल आणायची रीत जुनी आहे, आणि निंटेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे आणलाच नसल्याने त्याला दुसरा फारसा पर्यायही नाही. विजेची काळजी नको, आजचे कन्सोल १०० ते २४० व्होल्टवर चालतात. वॉरंटी मात्र बहुधा घेतली त्याच देशात. आता नवीन खोच जपानमध्ये आहे. तिथल्या पडत्या येनमुळे बाहेरचे लोक स्वस्त माल उचलू लागतील, म्हणून निंटेंडोने २०२५ मध्ये स्विच २ दोन रूपांत काढला: फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला, बहुभाषी ६९,९८० येनला. स्वस्तातल्यावर इंग्रजी मेनू नाही, आणि खातंही जपानचंच लागतं. त्याच वर्षी सोनीने ५५,००० येनचा जपानी भाषेतला प्लेस्टेशन ५ डिजिटल काढला, त्यालाही जपानचंच खातं. योकोहामात बोट लागली आणि दुकानात स्विच २ स्वस्त दिसला तर तो बहुधा पहिलाच प्रकार असतो, कारण बहुभाषी प्रकार निंटेंडो स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून विकते. घरच्यांनी व्हॉट्सअॅपवर खोक्याचा फोटो मागवावा. नावाखाली कंसात जपानी लिपीत भाषेचा उल्लेख असतो, तो फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावा, आणि मगच पैसे द्यायला सांगावं.