मोठे टायर टाकले आणि हायवेवर स्टेअरिंग थरथरतंय? वजनं वाढवण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जीप असलेल्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. त्यातही ज्यांनी कंपनीचे टायर काढून मोठे ऑल-टेरेन किंवा मड-टेरेन बसवलेत, त्यांनी तो शेवटपर्यंत बघा. तक्रार सगळ्यांची सारखीच असते. शहरात काही त्रास नाही, घाटात नाही. एक्सप्रेस-वेला लागलं, काटा ८०-८५ च्या पुढे गेला, की स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग बॅलन्सिंग करून घेतात, म्हणजे चाक मशीनवर फिरवून हलक्या बाजूला छोटी वजनं लावतात, थरथर तशीच. दुसऱ्या दुकानात जातात, तिथे आणखी वजनं लावून देतात, तरी तशीच.

माझं म्हणणं असं आहे की मोठ्या टायरच्या बाबतीत वजन कमी पडणं हे दुखणं क्वचित असतं. बहुतेक वेळा चाक मशीनवर मध्यावर बसलेलंच नसतं, किंवा ते पुरेसं गोल नसतं. या दोन गोष्टी जागेवर आल्या तर वजनं थोडीच लागतात.

आधी ही थरथर तयार कशी होते ते बघू. नव्या थारच्या एएक्सला २४५/७५ आर१६ टायर येतो, उंची साधारण साडेतीस इंच. त्या जागी बरेच जण २८५/७० आर१७ टाकतात. तो जवळजवळ पावणेतेहतीस इंच, आणि नुसता टायरच २५ किलोच्या आसपास, रिम वेगळी. हे चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला साडेदहा फेरे मारतं. आता समजा, ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर, एका जागी ५० ग्रॅम जास्त आहेत. या वेगाला ते ५० ग्रॅम चाकाला साधारण साडेनऊ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ती ओढ चाकाबरोबर फिरत राहते. म्हणजे सेकंदाला दहा-साडेदहा वेळा एक्सलला वर-खाली झटका. ताशी ५० ला हाच जोर अडीच किलोच्या आत असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून गावात काही जाणवत नाही.

पण मग ८५ ला सुरू होते, ९५ ला सगळ्यात जास्त असते आणि ११० ला कमी होते, असं का? चाक दोन स्प्रिंगांच्या मध्ये अडकलेलं असतं. खाली टायरमधली हवा, वर सस्पेन्शन. त्यामुळे चाकाची स्वतःची एक उडी मारायची चाल असते, साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा. फेऱ्यांची चाल आणि ही चाल जुळली की लहान झटकासुद्धा मोठा होऊन हातात येतो. चाक जड केलं की उडीची चाल खाली येते, म्हणजे थरथर आधीपेक्षा कमी वेगालाच गाठू शकते. कंपनीच्या टायरवर जो किरकोळ दोष कधी जाणवलाच नसता, तो मोठ्या टायरवर जाणवतो त्याचं हे एक कारण.

इथे एक कळकळीची विनंती. 'थोडी पळव, ११० च्या पुढे जाते थरथर,' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जोर कमी झालेला नसतो, तो वाढतच असतो. फक्त तुमच्या हातापर्यंत कमी पोहोचतो. बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे एंड तो सगळा सोसत असतात. शिवाय कंपनीच्या साडेतीस इंची टायरवर काटा अचूक असेल, तर पावणेतेहतीस इंची टायरवर तो १०० दाखवत असताना गाडी खरोखर १०७ ने चाललेली असते. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावा आणि तोच खरा धरा.

आता निदान. दुकानात जायच्या आधी हे तुम्ही स्वतः करायचं आहे.

थरथर स्टेअरिंगमध्ये आहे की सीटखाली? स्टेअरिंगमध्ये असेल तर आधी पुढची चाकं बघायची, सीट आणि फ्लोअरमध्ये असेल तर मागची. खात्री करायला पुढची जोडी मागे आणि मागची पुढे टाकून बघा. थरथरीने जागा बदलली तर दोष चाकात आहे, नाही बदलली तर गाडीत.

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे किंवा समृद्धीवर काँक्रीट आहे. काँक्रीटला ठरावीक अंतरावर सांधे असतात आणि कडक साइडवॉलचा, म्हणजे कडक बाजूच्या भिंतीचा, टायर तो प्रत्येक सांधा आत पोहोचवतो. त्याला लोक बॅलन्सिंगचा दोष समजतात. म्हणून चांगल्या डांबरी पट्ट्यावर पण बघा. मड-टेरेनच्या मोठ्या ठोकळ्यांचा गुणगुणणारा आवाज आणि बारीक कंप हा तर त्या टायरचा गुणच आहे, तो कुठल्याही मशीनने जाणार नाही.

मॅन्युअल गाडी असेल आणि रस्ता सरळ, मोकळा असेल, तर ज्या वेगाला थरथर येते तिथे क्षणभर न्यूट्रल करा. कंप तसाच राहिला तर तो चाकाकडचा. गॅस दिल्यावरच येतो आणि पाय काढला की जातो, असं असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणारा दांडा) आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. गाडी वर उचलली असेल, लिफ्ट किट टाकलं असेल, तर शाफ्टचा कोन बदलतो आणि कंप तिथून येऊ शकतो. त्यावर टायर बॅलन्स करून काहीही होणार नाही.

आणि हो, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. हायवेवरची ही विशिष्ट वेगाची थरथर अलाइनमेंटने जात नाही. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात म्हणून नावं जोडीने घेतली जातात, एवढंच.

दुकानात जायच्या आधी चाकं धुवा. बाहेरून चकचकीत करायला सांगत नाही, रिमच्या आतली बाजू धुवा. कोकणातली लाल माती असो की मराठवाड्यातली काळी, रिमच्या आत वाळून बसली की सहज ५०-१०० ग्रॅमचा गोळा असतो. पावसाळ्यात 'कालपर्यंत ठीक होती, आज थरथरतेय' असं झालं तर आधी पाण्याचा पाइप घ्या. ट्रेडमध्ये अडकलेले खडेही काढा.

टायरमध्ये पंक्चर-रोधक लिक्विड भरलंय का? मग बॅलन्सिंग विसरा. गाडी उभी राहिली की ते खाली साचतं आणि पुढच्या वेळी चाक फिरताना कसं पसरेल याचा नेम नाही. मोठ्या टायरला ते जास्त लागतं, म्हणून त्रासही जास्त. टायर काढून, आतून पुसून मगच मशीनवर चढवा. गाडी आठवडाभर उभी असेल तर टायरला खाली सपाटी येते. १५-२० किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर थरथर जाते का, ते बघून मगच दुकानात जा.

आता मुख्य काम, आणि यासाठी तुम्ही मशीनच्या शेजारी उभं राहायचं आहे.

पहिल्यांदा टायर रिमवर नीट बसलाय का ते बघा. टायरच्या साइडवॉलवर, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक गोल रेघ असते. (इथे बोट ठेवून दाखवतो, ही बघा.) ही रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत घुसलेली असेल तर तिथे बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कडा, बसलेली नाही. हवा काढा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. कडक साइडवॉलच्या टायरमध्ये हे नेहमी घडतं आणि दुकानदार घाईत असला की नेहमी सुटतं.

मग चाक मशीनच्या शाफ्टवर बसवायची पद्धत. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. चाक शाफ्टवर कोनच्या, म्हणजे मधल्या भोकात घुसणाऱ्या निमुळत्या तुकड्याच्या, आधाराने मध्यावर येतं. गाडीवर चाक हबवर (एक्सलच्या टोकाचा, चाक बसतं तो भाग) आतल्या बाजूने बसतं, त्यामुळे बहुतेक रिमना कोनही आतून लागला पाहिजे. बरेच ठिकाणी तो बाहेरून घुसवतात, कारण ते पटकन होतं. त्यात ३५-४० किलोचं चाक स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं आणि नट आवळला की तसंच वाकडं घट्ट होतं. दुसऱ्या माणसाने चाक थोडं उचलून धरायचं, फिरवत फिरवत नट आवळायचा. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल तर ती रिम गाडीवर फक्त नटांच्या आधाराने मध्यावर येते. जात्याचं भोक मधल्या खुंट्यापेक्षा मोठं झालं की वरची तळी जशी डुगडुगते, तशीच ही रिम. अशा चाकाला मशीनवर नटांच्या भोकांत बसणारी फ्लँज प्लेट लावायला सांगा आणि गाडीवर ती फट भरणारी हब रिंग टाका.

आता बरोबर बसवलं की नाही, हे कसं कळणार? फार सोपी परीक्षा आहे. मशीनने शून्य-शून्य दाखवलं, वजनं लावून झाली, की नट सैल करा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवा. शून्य किंवा पाच ग्रॅम आले तर काम बरोबर. २०-३० ग्रॅम आले तर आधीचं शून्य खोटं होतं. पाच मिनिटांचं काम आहे, नम्रपणे मागा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून मी चाक परत घेऊन येईन. त्याशिवाय बरीच मशीनं लहान आकडा गोल करून शून्य दाखवतात. खरा आकडा दाखवायचं बटण असतं, ते दाबायला सांगा.

वजनं कुठे लावताय, तेही बघा. अलॉयवर बाहेरून वजन दिसू नये म्हणून काही जण सगळी वजनं आत, मधोमध एका ओळीत चिकटवतात. त्याने चाकाचं वर-खाली उडणं थांबतं, पण टायर रुंद असल्यामुळे डावी-उजवी डुगडुग उरते आणि स्टेअरिंगमध्ये नेमकी तीच येते. दोन ओळी हव्यात, एक आतल्या कडेला आणि दुसरी स्पोकच्या मागे. दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितकं कमी वजनात काम होतं. चिकटवण्याआधी रिम थिनरने पुसायला लावा, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पट्टी वाहून जाईल.

एका बाजूला दीडशे ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर मी लावू देत नाही. हवा काढायची, टायर रिमवर अर्धा फेरा सरकवायचा, पुन्हा मोजायचं. टायरचा जड भाग आणि रिमचा जड भाग एकाच बाजूला आलेले असतील तर असं केल्याने ते समोरासमोर जातात आणि आकडा एकदम खाली येतो. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हजवळ ठेवतात. लाल ठिपका गोलाईशी संबंधित असतो, टायर जिथे सगळ्यात उंच किंवा कडक आहे ती जागा. रिमवर सगळ्यात खोलगट जागेची खूण असेल तर लाल ठिपका तिथे येऊ द्यायचा.

गोलाईवरून आठवलं. चाक मशीनवर हळू फिरत असताना ट्रेडच्या अगदी जवळ एक स्क्रूड्रायव्हर स्थिर धरा आणि मधली फट बघा. फट दीड-दोन मिलिमीटरच्या वर कमी-जास्त होत असेल तर टायर किंवा रिम गोल नाही. अंडाकृती चाकसुद्धा शून्यावर बॅलन्स होतं, आणि रस्त्यावर थरथरतं. टायर काढून रिम एकटी फिरवा, दोष कोणात आहे ते लगेच कळेल. टायरवर रोलर दाबून कडकपणातला फरक मोजणारी रोड फोर्स मशीनंही असतात. सगळीकडे मिळत नाहीत, फोन करून नेमकं तेच नाव घेऊन विचारा. चारही चाकं नवीन असतील तर तो खर्च मला योग्य वाटतो.

चाक गाडीवर चढवताना हबचा गंज आणि माती वायर ब्रशने काढा. सगळे नट आधी हाताने, मग समोरासमोरचे पाळीपाळीने पान्याने. एअर गनने एकच नट पूर्ण आवळला की चाक तिरकं बसतं आणि मशीनवरची मेहनत वाया जाते. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

टायरमध्ये टाकायच्या बॅलन्सिंग बीड्सबद्दल खूप जण विचारतात. ते मणी चाक वेगात असताना हलक्या बाजूला सरकतात हे खरं आहे. पण ते वर-खाली उडणं कमी करतात. रुंद टायरची डुगडुग किंवा गोलाईचा दोष त्यांना भरून काढता येत नाही. आत ओल गेली की गोळे होतात आणि व्हॉल्व्हमध्येही अडकतात. हायवेसाठी मी दोन ओळींची वजनंच निवडेन. चिखलात सारखी वजनं पडणाऱ्या गाडीला बीड्स ठीक.

जिम्नीवाल्यांनो आणि जुन्या जीपवाल्यांनो, तुमचा पुढचा एक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याला आहेत. तुमच्याकडे खड्डा लागल्यावर स्टेअरिंग अचानक जोरात डावी-उजवीकडे फेकायला लागत असेल, तर तो वेगळा आजार आहे. वेग हळूहळू कमी करा, गाडी बाजूला घ्या. पॅनहार्ड रॉडचे (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) बुश, किंगपिन, बेअरिंग, टाय रॉड एंड यांत ढिलाई शोधा. बॅलन्सिंगचा दोष त्याला चेतवतो, पण मूळ कारण ती ढिलाई असते. नुसता जाड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) टाकून ते झाकू नका, ते जीवावर बेतू शकतं.

शेवटचं. काम झालं की व्हॉल्व्हच्या समोर, रिम आणि टायर दोन्हींवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. नवीन टायर बसवताना लावलेलं साबणाचं पाणी आतून वाळेपर्यंत जोरात ब्रेक मारला, किंवा वाळूत हवा कमी करून गाडी चालवली, तर टायर रिमवर सरकतो आणि सगळा हिशेब बिघडतो. रेघ तुटलेली दिसली की पुन्हा बॅलन्सिंग करायचं.

कमेंटमध्ये गाडी, टायरचं माप, थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला जाते, आणि ती स्टेअरिंगमध्ये आहे की सीटखाली, एवढं लिहा. अर्धा फेरा फिरवून केलेल्या परीक्षेत मशीनवर किती ग्रॅम आले तेही लिहा, त्या आकड्यावरून पुढचं सांगता येईल.