खोली वाढवताय? आधी फ्यूजबॉक्स उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार. घराला खोली वाढवायची म्हटलं की प्रश्न येतोच, जुना फ्यूजबॉक्स बदलायचा का? दरवेळी बदलावा लागत नाही. लोड, अर्थिंग आणि विजेच्या गळतीपासून संरक्षण, एवढं तपासलं की उत्तर मिळतं.

नव्या खोलीतले दोन एलईडी दिवे आणि पंखा मिळून 230 व्होल्टला एक अँपिअरही घेत नाहीत. दोन किलोवॉटचा गीझर मात्र एकटाच जवळपास 9 अँपिअर ओढतो. त्याला वेगळं सर्किट हवं: किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच. मेन स्विच आणि मीटरकडून येणारी वायर एकूण लोड पेलते का, तेही पाहावं लागतं.

खरी अडचण पुढे आहे. फ्यूज फक्त जादा करंट तोडतो. अंगातून 50 मिलिअँपिअर गेले तर फ्यूजला पत्ताही लागत नाही, माणूस मात्र दगावू शकतो. म्हणून नव्या सॉकेटना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, लावाच. जुना बॉक्स धड असेल तर शेजारी छोटा डीबी, म्हणजे सर्किटांचे स्विच असलेली पेटी, बसवून नवी सर्किटं त्यावर घेता येतात. अर्थिंगची वायर तिथपर्यंत नीट पोचलेली हवी. नाहीतर धातूची बॉडी असलेलं उपकरण तिथे लावूच नका.

पण बॉक्स धड आहे का? हे वायरमनकडूनच बघून घ्या, कारण मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलला वीज असतेच. फ्यूजची ग्रिप काढल्यावर आतले संपर्क काळवंडलेले दिसले, वायरचं आवरण कडक होऊन तडकत असलं किंवा न्यूट्रललाही, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरलाही, फ्यूज असला, तर बॉक्स बदला. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेजची वीज तशीच राहते.

बॉक्स बदलण्याआधी जुन्या वायरिंगची 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी करून घ्या. रीडिंग किमान एक मेगओहम यायला हवं. हे टाळलं तर नवा आरसीसीबी पहिल्याच दिवशी बंद पडत राहू शकतो. बऱ्याचदा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, त्यानेही तो पडतो. मग काही जण आरसीसीबीच बायपास करतात. तसं कुणालाही करू देऊ नका; न्यूट्रल वेगळे करून घ्या आणि काम संपल्यावर मेगरची रीडिंग लिहून मागा.